चामोर्शीचे जंगल आणि निसर्ग पर्यटन

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका वैनगंगेच्या पूर्व तीरावर आहे. नदीलगत धानाच्या बांध्या, मधूनमधून जुने मालगुजारी तलाव, आणि पूर्वेला व दक्षिणेला जावे तसे दाट होत जाणारे जंगल, अशी या भागाची ठेवण आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. जंगल पानझडीचे. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू ही त्यातली मुख्य झाडे. नाल्यांच्या काठाने अर्जुनाचे उंच वृक्ष. इतके जंगल असूनही बाहेरचा पर्यटक बहुधा ताडोबा पाहून चंद्रपूरहूनच परततो. त्याने वैनगंगा ओलांडावी का, ओलांडली तर कोणत्या अटींवर, आणि त्यातून जंगलाच्या व गावाच्या पदरात काय पडावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

या जंगलाचे वर्ष पावसावर चालते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जवळपास सगळा पाऊस पडून जातो. नाले दुथडी भरतात. दक्षिणेकडे भामरागडला पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून गेले की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. जमिनीतून रोपे वर येतात, बेडूक आणि कीटकांची वीण होते, अनेक पक्षी याच दिवसांत घरटी करतात. गावकऱ्यांसाठीही हा रानभाज्यांचा हंगाम असतो: बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, आणि वारुळांच्या आसपास उगवणाऱ्या सात्या म्हणजे भूछत्रे, आठवडी बाजारात येतात. ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, त्याचे कारण यातच आहे. ओल्या मातीत गाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते आणि कोवळी रोपे चाकाखाली जातात. त्यामुळे पावसाळी पर्यटन करायचेच असेल तर ते अभयारण्याबाहेर, तलावांच्या पाळीवर, गावरस्त्यांवर आणि पायी व्हायला हवे. फुलपाखरे, कोळी, बेडूक आणि भूछत्रे पाहायला गाडी लागतही नाही.

तालुक्याच्या दक्षिणेकडचे चपराळा अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र १३४.७८ चौरस किलोमीटर आहे. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून पुढे त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. अभयारण्याच्या एका अंगाला ही नदी आणि दुसऱ्या अंगाला टेकड्या आहेत. नदीपलीकडे तेलंगणातील प्राणहिता अभयारण्य आहे, ते काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. कागदावर ही दोन राज्यांची दोन अभयारण्ये असली, तरी उन्हाळ्यात पाण्यावर येणारी जनावरे आणि हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी यांना मध्ये फक्त एक नदी आहे. चपराळ्यात चितळ, नीलगाय, रानडुक्कर, अस्वल, बिबट यांचा वावर आहे. वाघ हमखास दिसेल अशी मात्र ही जागा नाही. तिचे मोल संगमात, नदीकाठच्या झाडीत आणि पाण्यातल्या व पाण्यावरच्या जिवांत आहे.

चामोर्शी परिसराने वन्यजीव संवर्धनात ज्या कामाने नाव मिळवले ते काम गिधाडांचे आहे, आणि ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. लांब चोचीच्या गिधाडांचीही तीच गत झाली. कारण बरीच वर्षे कळत नव्हते. २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून ते पुढे आले: जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. हे औषध दिलेले जनावर दोन-तीन दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होते आणि शरीरात युरिक आम्ल साचून ती मरतात. गिधाडे थव्याने जेवतात, त्यामुळे एक विषारी मढे अनेकांना पुरते. शंभर मढ्यांत एकही विषारी नसले, दोनशेत एखादे असले, तरी संख्या कोसळायला तेवढे पुरे होते, असे गणित त्या वेळी मांडले गेले. त्यातही गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून झालेली घट लवकर भरून निघत नाही. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या आणखी दोन औषधांवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे.

देशभर गिधाडे दिसेनाशी होत असताना गडचिरोलीच्या जंगलात, विशेषतः चामोर्शी तालुक्यातील कुनघाडा वनपरिक्षेत्राच्या आसपास, ती काही प्रमाणात टिकून होती. वनविभागाने गावांच्या मदतीने तिथे ‘गिधाड उपाहारगृहे’ सुरू केली. नाव ऐकून हसू येते, पण व्यवस्था साधी आणि विचारपूर्वक केलेली आहे. जंगलालगत मोकळी जागा निवडायची आणि कुत्री येऊ नयेत म्हणून तिला कुंपण घालायचे. गावात ढोर मेले की मालकाने किंवा गुराख्याने वनरक्षकाला कळवायचे. मरण्यापूर्वी त्याला कोणते औषध दिले होते याची चौकशी करायची आणि शंका नसेल तरच मढे तिथे आणून टाकायचे. पुढचे काम आकाशात चालते. एखादे गिधाड घिरट्या घालत खाली येऊ लागले की दूरवरची गिधाडे त्याला पाहून वळतात. थवा उतरला की मोठ्या जनावराचा सांगाडा उरायला फार वेळ लागत नाही. यातला कळीचा माणूस गुराखी आहे. ढोर कधी मेले, कशाने मेले, त्याला सुई दिली होती की नव्हती, हे त्याच्याइतके नेमके कुणाला माहीत नसते. त्याने खबर दिली नाही तर कुंपणातली जागा रिकामी राहते.

उपाहारगृहाइतकेच झाड महत्त्वाचे. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर घरटे करते, हिवाळ्यात अंडे घालते आणि पिल्लू उडायला उन्हाळा लागतो. तेवढे महिने त्या झाडाखाली लाकूडतोड, आग आणि गर्दी नको. एकदा गिधाडे गेली की परत आणणे किती कठीण, हे शेजारीच दिसते. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबात आणली गेली. अनेक महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बांधून मग त्यांना सोडावे लागले. असलेली राखणे याहून कितीतरी सोपे असते.

पर्यटनाचा विचार करताना ताडोबाचा अनुभव समोर ठेवावा लागतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे आहे. १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाच्या ओढीने तिथे जिप्सी, गेट, हॉटेले आणि आरक्षण यांचा मोठा व्यवहार उभा राहिला. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते थांबवले. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली होती: गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन नको, वाहनांची संख्या जंगलाच्या वहन क्षमतेनुसार ठरवावी, उत्पन्नाचा वाटा स्थानिकांना मिळावा. पुढे आगरझरी, जुनोना, देवाडा अशा बफर भागांत स्थानिक तरुण गाईड आणि चालक झाले. जंगलाजवळच्या घरात पर्यटनाचा पैसा आला की त्या घराची जंगलाकडे पाहण्याची नजर बदलते, हा ताडोबाचा चांगला धडा. एकाच प्राण्यावर सगळा बाजार उभा राहिला की रस्त्यावर वाघाभोवती गाड्यांचा घोळका होतो आणि बाकीचे जंगल कुणी पाहत नाही, हा दुसरा धडा.

चामोर्शीला हा दुसरा धडा आधीच गिरवून ठेवावा लागेल, कारण वाघ आता इकडेही आला आहे. ब्रह्मपुरी आणि ताडोबाकडून निघालेले वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत स्थिरावले. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळपही जिल्ह्यात आला. पर्यटकाला ही मेजवानी वाटते. गावाला ती धास्ती असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जावे लागते, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जावे लागते, वर्षभर गुरे चारायला न्यावी लागतात, आणि हल्ले होतात ते अशाच वेळी. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास राज्य शासन कुटुंबाला २५ लाख रुपये देते. पण भरपाई हा संवर्धनाचा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे. मोहाच्या हंगामाला आगीचाही धोका चिकटलेला आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, वारा सुटला की ती आग जंगलात शिरते आणि नेमके तेव्हाच गिधाडाचे पिल्लू घरट्यात असते. झाडाखाली जाळी पसरून फुले गोळा केली तर आग लावावी लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. अशी जाळी गावाला पुरवणे हे कोणत्याही प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा मोठे वन्यजीव संवर्धन आहे.

चामोर्शीला पर्यटक नव्याने आणायचे आहेत, असेही नाही. ते पूर्वीपासून येतात. वैनगंगा तालुक्यातील मार्कंड्याला उत्तरेकडे वळते. तिथल्या मंदिरसमूहाला विदर्भाची काशी म्हणतात, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला विदर्भातून व सीमेपलीकडून भाविकांची रीघ लागते. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात या मंदिरांची नोंद केली होती. चपराळ्याच्या मंदिरातही अभयारण्याच्या कुशीत भाविक जमतात. म्हणजे येथील सर्वांत मोठा निसर्ग पर्यटक हा हातात दुर्बीण नसलेला भाविक आहे. नदीकाठी टाकलेले प्लास्टिक, रात्रभर चालणारे भोंगे, जंगलाच्या कडेला पेटवलेल्या चुली यांचा बंदोबस्त झाला, तर एका जत्रेत जंगलाला जे मिळेल ते वर्षभराच्या सफारींतून मिळणार नाही. त्याच गर्दीपुढे गिधाडांची आणि संगमाची माहिती मांडली, तर ती गावागावांत पोहोचेल. भाविकांच्या गर्दीखेरीज आणखी एक ताण आहे: लोहखनिजाची वाहतूक आणि कोनसरीचा लोहप्रकल्प यांमुळे आष्टीकडच्या रस्त्यांवर जड वाहने वाढली आहेत. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांच्या दृष्टीने हा प्रश्न पर्यटनाइतकाच महत्त्वाचा आहे.

या सगळ्याचा ताबा कुणाकडे असावा याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्याच कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देते. तेव्हा चामोर्शीतील पर्यटनाचे प्रवेश शुल्क कोण घेणार, गाईड कोण होणार, दिवसाला किती माणसे येणार, कोणत्या महिन्यांत कोणती वाट बंद राहणार, हे ठरवताना वनविभागाच्या जोडीला ग्रामसभा बसायला हवी.

अशा पर्यटनाची आखणी फार खर्चिक नाही. गिधाडांच्या घरट्यांची ठिकाणे जाहीर करायची नाहीत. विणीच्या काळात त्या झाडांकडे जाणाऱ्या वाटा बंद ठेवायच्या. उपाहारगृहाजवळ पाहुण्यांना दूरच्या आडोशातून, थोड्या संख्येने आणि गावच्या गाईडबरोबरच न्यायचे. हिवाळ्यात संगम आणि तलावांवरचे पक्षी, पावसाळ्यात गावाभोवतीच्या पायवाटा, उन्हाळ्यात मोहाचा हंगाम, असे वर्ष वाटून घ्यायचे. मुक्काम गावातल्या घरांत आणि जेवण गावच्या चुलीवरचे. जवळचे आलापल्लीचे ‘वनवैभव’ हे जैवविविधता वारसास्थळ आणि कमलापूरचा हत्ती कॅम्प एकाच फेरीत जोडता येतात. जमा झालेल्या पैशांतून आधी खबर देणाऱ्या गुराख्याचे मानधन, मग मोहाच्या जाळ्या, मग आगरेषांची कामे, आणि उरल्यास पाहुण्यांच्या सोयी, हा क्रम ठेवला तर पर्यटन जंगलावर ओझे होणार नाही. चामोर्शीत संवर्धनाचे काम पर्यटकाच्या आधी सुरू झाले आहे. येणाऱ्या पाहुण्याने त्याच कामाला हातभार लावावा, एवढी एक अट पाळली की बाकीचे नियम तिच्यातून निघतात.