आकाशांतील रहदारीचे पहारेकरी

विमानानें प्रवास करणारा मनुष्य वैमानिकाचा आवाज ऐकतो, चहा आणून देणाऱ्या बाईचें तोंड पाहतो, आणि सुखरूप उतरला म्हणजे देवाचे आभार मानतो. परंतु ज्यानें त्या विमानाला आकाशांत वाट मोकळी करून दिली, त्याचें नांवही त्याला कधीं कळत नाहीं. माझे थोरले मामा अशांपैकीं एक होते. १९५८ पासून १९९० पर्यंत मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर त्यांनीं हें काम केलें. माझा धंदा मास्तरकीचा. तेव्हां आज जें सांगणार आहें, तें बरेंचसें त्यांच्या तोंडून ऐकलेलें आणि थोडें वाचलेलें आहे.

हा व्यवसाय फार जुना नाहीं. लंडनजवळ क्रॉयडन येथें १९२० सालीं नियंत्रणाचा मनोरा उभा राहिला. अमेरिकेंत सेंट लुईस येथें १९२९ सालीं आर्ची लीग नांवाचा इसम एका हातगाडींत छत्री, खुर्ची आणि दोन निशाणें घालून धांवपट्टीपाशीं जाऊन बसे. चौकड्यांचें निशाण म्हणजे 'चला', तांबडें म्हणजे 'थांबा'. पुढें १९३५ च्या डिसेंबरांत नेवार्क येथें विमान-कंपन्यांनीं मिळून दूरच्या विमानांवर नजर ठेवणारें केंद्र काढलें. तेथील साहित्य काय, तर एक फळा, एक नकाशा आणि नकाशावर सरकविण्याचे लहानसे ठोकळे! फळ्याचा इतका मोलाचा उपयोग आम्हां मास्तरांनींही क्वचितच केला असेल. वैमानिकाशीं थेट बोलण्याची सोय त्या केंद्राला नव्हती. निरोप कंपनीच्या कचेरीमार्फत टेलिफोननें जात व येत.

मामांच्या वेळीं बिनतारी यंत्रें होतीं, परंतु अरबी समुद्रावर रडार पोंचत नसे. एडनहून निघालेलें विमान तासन्‌तास कोणाच्याही दृष्टीस पडत नसे. तें आहे कोठें हें कळावयाचें कसें? त्याचें उत्तर होतें कागदाची एक अरुंद पट्टी. प्रत्येक विमानामागें एक पट्टी. तिच्यावर विमानाची खूण, उंची, आणि वाटेवरील ठराविक बिंदूंवर तें केव्हां पोंचेल याची अंदाजी वेळ, तीही ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणें. ही पट्टी एका चौकटींत बसवून समोरच्या उतरत्या फळीवर क्रमानें लावीत. वैमानिकाकडून वर्दी आली कीं खरी वेळ लिहावयाची, उंची बदलली कीं जुना आंकडा पेन्सिलीनें खोडावयाचा. एकाच वाटेनें, एकाच उंचीवर जाणाऱ्या दोन विमानांमध्यें ठराविक मिनिटांचें अंतर राखावयाचें. तें जमत नसेल तर एकास हजार फूट वर किंवा खालीं ठेवावयाचें. एकोणतीस हजार फुटांच्या वर हें अंतर दोन हजारांचें असे. आपल्याकडे २००३ च्या नोव्हेंबरांत तें तेथेंही हजारावर आलें. मामा म्हणत, "अरे, मला आकाश दिसतच नव्हतं. मला पट्ट्या दिसत होत्या. पण डोळे मिटले की त्या पट्ट्या उडायला लागायच्या."

समुद्रावरील विमानाशीं ते स्वतः बोलत नसत. बिनतारी विभागांतील ऑपरेटर खरखरींतून शब्द वेंचून चिठ्ठीवर उतरवी, आणि ती चिठ्ठी मामांच्या हातीं येई. म्हणूनच सांगितलेला आंकडा ऐकणारानें जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा, हा त्या खात्याचा कडक दंडक. इंग्रजी 'नाइन'चा 'नाइनर' आणि 'फाइव्ह'चा 'फाइफ' करण्याचें कारणही हेंच, कीं दोन आंकडे एकमेकांसारखे कानावर पडूं नयेत. ही संवय घरींही सुटली नाहीं. मामीनें "अर्धा शेर डाळ, पावशेर गूळ" म्हटलें कीं मामा "अर्धा शेर डाळ, पावशेर गूळ" म्हणून मगच पिशवी उचलीत. मामी चिडे. मला मात्र उच्चार आणि पाठांतर यांविषयीं माझ्या वर्गांत जें सांगून सांगून घसा कोरडा पडे, त्याचें खरें मोल तेथें उमगलें.

पावसाळ्यांतील एका रात्रीची गोष्ट ते क्वचितच सांगत. पश्चिमेकडून येणाऱ्या एका विमानाची वर्दी ठरल्या वेळीं आली नाहीं. ऑपरेटर हांका मारीत होता, उत्तरादाखल फक्त विजेची खरखर. नियम असा कीं अपेक्षित वर्दीनंतर अर्धा तास कांहींच कळलें नाहीं, तर त्या विमानाविषयीं 'अनिश्चिती' जाहीर करावयाची. त्यापुढची पायरी 'सावधगिरी'ची, आणि शेवटची 'संकटा'ची. मामा पट्टीकडे पाहत उभे होते. त्याच वाटेवरील दुसरी दोन विमानें त्यांनीं दूर ठेविलीं होतीं, कारण जें कोठें आहे हें ठाऊक नाहीं, तें कोठेंही असूं शकतें. सत्ताविसाव्या मिनिटाला चिठ्ठी आली. तिसऱ्याच एका विमानाच्या वैमानिकानें त्याचा आवाज ऐकून निरोप पुढें पोंचविला होता. सारें कुशल होतें. मामांनीं वेळ लिहिली. पेन्सिलीचें टोंक मोडलें, एवढेंच ते सांगत.

सर्वच रात्री अशा टळल्या नाहींत. १९५६ च्या ३० जून रोजीं अमेरिकेंत ग्रँड कॅन्यनवर दोन विमानें एकमेकांवर आदळून १२८ माणसें गेलीं. दोन्ही विमानें एकाच उंचीवर, एकाच मिनिटाला एकाच रेषेवर येणार, ही माहिती एका नियंत्रकासमोर होती. परंतु तो प्रदेश नियंत्रणाबाहेरचा असल्यानें वैमानिकांस कळविण्याचें त्याच्यावर बंधन नव्हतें. मला हें वाचून त्या मनुष्याचा राग आला नाहीं, त्या नियमाचा आला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांत चरखी दादरीवर जें घडलें, तें याहून विलक्षण. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी विमानास चौदा हजार फुटांची मर्यादा होती, आणि उतरणाऱ्या कझाक विमानास पंधरा हजारांची. समोरून विमान येत असल्याचेंही नियंत्रकानें सांगितलें होतें. चौकशींत निघालें कीं कझाक विमान आपली उंची सोडून खालीं आलें होतें. ३४९ माणसें मरण पावलीं. दिल्लीच्या तेव्हांच्या रडारवर विमान कोठें आहे तें दिसे, किती उंचीवर आहे तें दिसत नसे. मामा तेव्हां निवृत्त झाले होते. त्यांनीं वर्तमानपत्र वाचलें, घडी घातली, आणि मामीस विचारलें, "त्या पोरानं बरोबर सांगितलं होतं. त्याला आज रात्री झोप येईल का ग?" पुढें येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांच्या वाटा निराळ्या केल्या, आणि समोरासमोर येणाऱ्या विमानांना परस्पर इशारा देणारें यंत्र सक्तीचें झालें.

आतां समुद्रावरील विमानांशीं पुष्कळसा व्यवहार लेखी संदेशांनीं चालतो. खरखर ऐकावी लागत नाहीं. मामांना मीं एकदां विचारलें होतें, कीं तुमच्या हद्दींतून गेलेलीं विमानें पुढें पोंचलीं, हें तुम्हांस कसें कळे? ते म्हणाले, "कळत नसे. शेजारच्या केंद्रानं ताबा घेतला की पट्टी फळीवरून काढायची, चौकट रिकामी करायची, आणि तिच्यात दुसरी घालायची."