सूज आणि पेशींच्या पुड्या



आमवाताच्या रुग्णाला सकाळी उठल्यावर सदऱ्याचं बटण लावता येत नाही. पेरं सुजलेली, हाताला गरम लागणारी. तास-दीड तास गेल्यावर कुठे मूठ वळते. रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते, एवढं आपण ऐकून असतो. पण एका पेशीतला क्षोभ दुसरीपर्यंत पोहोचतो कसा?

याचा एक धागा मेंढीच्या रक्तात सापडला. १९८३च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टन कोवळ्या तांबड्या पेशींचा अभ्यास करत होत्या. पक्व होताना या पेशी नकोशी झालेली प्रथिनं इवल्या पुड्यांत घालून बाहेर सोडतात, असं त्यांना दिसलं. हेच एक्झोसोम. दहा हजार ओळीने मांडले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल! बरीच वर्षं लोक त्यांना पेशीचा केरकचराच समजत होते.

२००७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी ॲलर्जीशी संबंध असलेल्या मास्ट पेशींच्या पुड्या उघडून पाहिल्या. आत मायक्रोआरएनए होते. ही जेमतेम बावीस अक्षरांची साखळी. प्रथिन बनवण्याचा निरोप ती मधेच अडवते. तिच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचा उंदरांवरचा प्रयोग. प्रतिकारयंत्रणेतल्या डेन्ड्रिटिक पेशी पुड्यांतून दोन मायक्रोआरएनए धाडतात, १५५ आणि १४६-ए. जिवाणूंचं विष टोचलेल्या उंदरांत पहिल्याने दाह भडकला, दुसऱ्याने शमला. पेटवणारा आणि विझवणारा, दोन्ही निरोप एकाच जातीच्या पेशींकडून! आमवाताच्या सांध्यांतही १५५ वाढलेलं आढळतं. म्हणजे नुसती सूज दडपण्याऐवजी नेमका निरोप बदलता येईल, ही आशा खरी आहे. पण ती अजून प्रयोगशाळेतली आहे.

म्हणून एक कळकळीचं सांगणं. गुडघ्यात एक्झोसोमचं इंजेक्शन घ्या, दुखणं मुळापासून जाईल, अशा जाहिराती तुमच्या पाहण्यात आल्या असतील. २०१९च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की एकाही एक्झोसोम उत्पादनाला त्यांची मान्यता नाही. अशा इंजेक्शनांनी काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. तेव्हा जाहिरातीवर विसंबून पैसे भरू नका, आणि आमवाताच्या चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.