घरचे दप्तर आणि फाईलचे नाव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने मला हा विषय दिला तेव्हा मी सचिवांना म्हटले, "अहो, आपल्या महादेवपुऱ्यात निम्मी माणसे सॉफ्टवेअरमधली. त्यांना इंजिनशेडमधल्या डिप्लोमावाल्याने फाईलींबद्दल सांगायचे म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ सोलायला शिकवण्यासारखे आहे!" ते म्हणाले, "त्यांच्या कंपनीच्या फाईली व्यवस्थित असतात हो. घरच्या फाईलींचे काय ते विचारा." तेव्हा आज मी घरच्या फाईलींबद्दलच बोलणार आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, आजीची पत्रिका, जमिनीचे उतारे, लग्नाचे फोटो, जुनी पत्रे. याला पूर्वी दप्तर म्हणत. आता ते दप्तर पेन ड्राईव्हमध्ये गेले आहे.

हा विषय आत्ताच का, हे या भागातल्या लोकांना फार सांगायला नको. २०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला बसले होते आणि ४ सप्टेंबरच्या रात्री जो पाऊस झाला त्यात आपल्या महादेवपुरा भागातल्या कितीतरी वसाहतींत पाणी शिरले. ट्रॅक्टरवर बसून लोक बाहेर पडले, आपण सर्वांनी पाहिले आहे. तळमजल्यावरच्या कपाटाचा सर्वात खालचा कप्पा आधी भिजतो, आणि जुने कागद नेमके तिथेच असतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींनी ऑगस्ट २०१९ मध्ये हेच अनुभवले. त्यानंतर बऱ्याच जणांनी घाईघाईने सगळे स्कॅन करून टाकले. चांगले केले. पण मी पाहतो ते असे, की कागद पाण्यातून वाचला आणि फाईलींच्या ढिगात बुडाला. कारण त्या फाईलचे नाव "स्कॅन००४७".

आमच्या रेल्वेत एक पद्धत आहे. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे साल, मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा एक आकडा ताळा तपासण्यासाठी. आपल्या व्हाईटफील्डची वाघीण उद्या गुवाहाटीला उभी असली तरी तिथला कर्मचारी फक्त क्रमांक वाचून सांगतो की ही काय आहे, कोणाची आहे, किती जुनी आहे. आमच्या यार्डातली वही त्याला लागत नाही. ओळख वाघिणीच्या अंगावरच असते.

आपण घरी उलटे करतो. एक फोल्डर करतो, त्याला "आजोबा" नाव देतो आणि आतल्या फाईली तशाच ठेवतो. फोल्डर म्हणजे यार्ड. फाईल यार्डात आहे तोवर ठीक. पण पुण्याहून पुतणी म्हणते, काका, तेवढा दाखला पाठवा, आणि फाईल यार्डाबाहेर पडते. तिच्या फोनवर पोचल्यावर ती कोणाची, कुठली, कसली हे कोण सांगणार? म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: जे सांगायचे ते फाईलच्या नावात हवे.

नाव कसे द्यावे? मी आधी साल लिहितो, मग महिना, मग दिवस, कारण असे लिहिले की संगणक आपोआप कालक्रमाने रांग लावतो. त्यानंतर व्यक्ती, कागदाचा प्रकार, गाव आणि पान. उदाहरणार्थ "१९२६-०६-१५_क०७-गणपत-विठ्ठल_शाळादाखला_कुर्डुवाडी_पान०१-मागे". लांबलचक वाटते, पण पाच वर्षांनी ते न उघडता समजते. महिना-दिवस माहीत नसेल तर शून्ये लिहावीत. साल अंदाजाने असेल तर "सुमारे" हा शब्द सालाच्या पुढे न लावता मागे लावावा, म्हणजे रांग मोडत नाही. पान १ ऐवजी पान ०१ लिहावे, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर १० येते आणि २ मागे राहते. (छापताना इथे देवनागरी आकडे दिसतील. संगणकावर इंग्रजी आकडे टाका किंवा देवनागरी, पण दोन्हींची खिचडी करू नका.) तारखेत तिरकी रेघ घालू नये. विंडोज ती फाईलच्या नावात घेतच नाही.

आता त्या "क०७" बद्दल. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल, पण कारण आपले मराठी आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धत. समजा गणपत विठ्ठल, त्यांचा मुलगा विठ्ठल गणपत, त्याचा मुलगा पुन्हा गणपत विठ्ठल. आडनाव तर एकच. कागदावर फक्त "गणपत विठ्ठल" असेल तर आजोबा की नातू? बायकांचे त्याहून अवघड. माहेरचे नाव वेगळे, लग्नात नाव बदललेले, म्हणजे शाळेच्या रजिस्टरात एक बाई आणि सातबाऱ्यावर दुसरीच बाई, आणि दोन्ही आपलीच आजी! आडनावाचेही तसेच. एका पिढीत गावावरून लावलेले, दुसरीत मूळचे. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि एका पानावर यादी ठेवावी: क्रमांक, सर्व नावे, माहेर, सासर, जन्मसाल. छापील कुलवृत्तांतांत पिढीला आणि शाखेला क्रमांक असतात ते याचसाठी. त्यांतल्या कित्येकांत मुलींची एका ओळीत बोळवण केलेली असते, ते मात्र आपण करू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांत पत्रांना लेखांक दिलेले आहेत. आजही अभ्यासक खंड अमुक, लेखांक तमुक एवढे म्हणतात आणि पत्र सापडते. क्रमांकाची ही ताकद आहे.

तारखांचाही एक घोळ असतो. जुन्या पत्रिकेत शके लिहिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८३७ मधला माघ म्हणजे १९१५ नव्हे, १९१६. मराठवाड्यातल्या मंडळींकडे निजामाच्या काळातले कागद असतील तर त्यांवर फसली सन असतो, त्यात साधारण ५९० मिळवावे. मोडीतल्या कागदांवर सुहूर सन दिसला तर ५९९ किंवा ६००. फाईलच्या नावात इसवी सनच लिहा, पण मूळ तिथी टिपून ठेवा. आपला हिशेब चुकला तर पुढच्याला तपासता यायला हवा.

हे सगळे कशाला, असे कोणी म्हणेल. दोन गोष्टी सांगतो.

माझ्या चुलतभावाच्या मुलीला महाराष्ट्रात प्रवेश मिळाला आणि जात पडताळणीसाठी जुना पुरावा मागितला गेला. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पणजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा घरात कोणीतरी २०११ मध्ये स्कॅन केला होता. मूळ कागद दरम्यान वाळवीने खाल्ला. हार्ड डिस्कवर चार हजारांहून जास्त फाईली, सगळ्या कॅमेऱ्याने दिलेल्या नावांच्या. आम्ही तिघे, एक बेंगळुरूत, एक सोलापुरात, एक पुण्यात, सहा रात्री फाईली उघडत बसलो. नातेवाईकांच्या बारशाचे फोटो, गॅसची पावती, कोणाच्यातरी गाडीचा विमा! मुदतीच्या आदल्या रात्री उतारा सापडला. त्यावरून शाळा आणि रजिस्टरचा क्रमांक कळला आणि नवीन प्रमाणित प्रत काढता आली. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पण त्या सहा रात्री तिच्या आईचा चेहरा व्हिडिओ कॉलवर मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट फोटोची. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते. बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी रुळांची, १८९७ साली सुरू झालेली, जी १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. आज तिथे ब्रॉडगेज आहे. त्या वर्कशॉपातल्या लोकांचा १९५२ च्या सुमाराचा एक ग्रुप फोटो आमच्याकडे आहे. तीन रांगा, सव्वीस माणसे. मागे एक अक्षर लिहिलेले नाही. २०१८ मध्ये मी आत्याकडे गेलो. तिचे वय तेव्हा ऐंशी. लहानपण रेल्वे कॉलनीत गेलेले. फोटो मोठा करून लॅपटॉपवर दाखवला तशी ती बोलायला लागली. हे फिटर, यांच्या घरी गाय होती. हे बॉयलरवाले, यांचा हात भाजला होता. हे दोघे सख्खे भाऊ, पण बोलत नसत! अकरा जणांची नावे तिने सांगितली आणि म्हणाली, आता दमले रे, उरलेले पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला तिला मीच ओळखू आलो नाही. २०२१ मध्ये ती गेली. उरलेल्या पंधरा जणांना ओळखणारे आता आमच्या घरात कोणी नाही.

त्या अकरा जणांची नावे फाईलच्या नावात मावत नाहीत. त्यासाठी फोटोच्याच नावाची एक साधी मजकुराची फाईल शेजारी ठेवली आहे. तीत रांग, डावीकडून कितवा, नाव, आत्याने काय सांगितले आणि कोणत्या तारखेला सांगितले ते लिहिले आहे. आत्याच्या आवाजाची फाईलही त्याच नावाची. तीन फाईली, एकच नाव, आणि रांगेत त्या एकमेकींशेजारीच उभ्या राहतात. ही मजकुराची फाईल युनिकोडमध्येच लिहा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या काळच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या वंशावळी आज उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो.

काही जण विचारतात, नावे इंग्रजीत द्यावीत की मराठीत? माझे मत मराठीत. रोमन लिपीत विठ्ठल तीन-चार तऱ्हांनी लिहितात, कर्नाटकात तर आणखी एक. मग शोधताना सापडत नाही. देवनागरीत तो एकच. आणि इथल्या शाळेत हिंदी शिकलेली आपली मुले देवनागरी वाचू शकतात. मोडी मात्र त्यांना वाचता येणार नाही (आपल्यालाही येत नाही!), म्हणून मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेऊन मजकूर शेजारी ठेवावा.

व्हॉट्सॲपबद्दल एक विनंती. तिथून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचे मूळ नाव जाते, आकार लहान होतो आणि नव्या नावात जी तारीख दिसते ती कागदाची नव्हे, पाठवणीची असते. त्यामुळे पणजोबांचा फोटो गेल्या दिवाळीतला ठरतो. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर नाव आणि दर्जा दोन्ही टिकतात. स्कॅन करताना कागदाची मागची बाजूही घ्या, शिक्के तिथेच असतात. प्रती तीन ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे. सीडीवर ठेवले आहे म्हणणाऱ्यांनी ती आजच घालून पाहावी. आधी सीडी घालायला लॅपटॉपवर जागा आहे का ते पाहावे.

उत्सवाच्या उरलेल्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर मी मंडपामागच्या खोलीत स्कॅनर घेऊन बसणार आहे. प्रत्येकाने एकच कागद किंवा एकच फोटो आणावा, आणि त्याबद्दल ज्यांना माहिती आहे त्या आजी-आजोबांना सोबत आणावे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी मी येईन. रात्रपाळी असेल ते दोन दिवस सोडून.

गणपती बाप्पा मोरया!