कॉफीच्या यंत्राची तक्रार
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मुलाने पहिल्या पगारातून आणलेले कॉफीचे विजेचे यंत्र मी गेल्या वर्षी भंगारात घालायला निघाले होते. दोन कप गळायला अर्धा तास, आणि कॉफी कोमट! दुरुस्तीवाला म्हणाला, "नवीनच घ्या." मुलगा काही बोलला नाही, तेच मला लागले.

मग नीट चौकशी केली. या साध्या यंत्रात पंप नसतो. तळाच्या बारीक नळीत पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडेच त्याला वर ढकलतात. आमचे पाणी बोअरचे, डाळ शिजू न देणारे! पातेल्याला बसतो तोच पांढरा थर नळीत बसला होता.

पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे टाकीत भरले. अर्धे गळल्यावर बटण बंद करून अर्धा तास थांबले, मग उरलेले सोडले. त्यानंतर तीन वेळा नुसते पाणी. (तरी त्या दिवशीची पहिली कॉफी पाहुण्यांना देऊ नये, हा स्वानुभव!) आता दर महिन्याला हे करते. पूडही फार बारीक घेत नाही. गाळणी तुंबून पाणी ओट्यावर येते.

परवा मुलगा आला. काही न विचारता त्याने बटण दाबले, आणि दोन कप काढले.