हिरड्यांची शल्यक्रिया आणि विद्युतप्रवाह



विजेने हिरडी कापतात, असे ऐकताच रुग्ण दचकतो. हे स्वाभाविक आहे. परंतु घरातील विजेची सेकंदाला 50 आवर्तने होतात, तर शल्यक्रियेतील प्रवाहाची काही लाख. इतक्या वेगाने पालटणाऱ्या प्रवाहाला मज्जातंतू व स्नायू प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे धक्का बसत नाही. बोस्टन येथे 1926 साली हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचे असे यंत्र मेंदूच्या शल्यक्रियेत वापरले. दंतवैद्यकानेही हे तंत्र स्वीकारले.

हिरडी प्रथम बधिर करतात. बारीक तारेच्या टोकाशी पेशींतील पाण्याची वाफ होऊन हिरडी कापली जाते आणि लहान रक्तवाहिन्यांची तोंडेही मिटतात. रक्तस्राव कमी झाल्याने दंतवैद्यास जागा स्वच्छ दिसते.

अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाने काही रुग्णांच्या हिरड्या वाढून दात झाकू लागतात. अशी वाढ काढण्यास हे साधन उपयुक्त ठरते. तथापि, तार एका जागी थांबता कामा नये. ती हाडाला टेकल्यास हाडाचा तेवढा भाग मृत होऊ शकतो. दातातील धातूच्या भरणास लागल्यास आतील मज्जेस इजा पोहोचते. म्हणून हाडालगतच्या कामासाठी सुरीच श्रेयस्कर होय. हृदयात पेसमेकर बसविलेल्या रुग्णाने ते दंतवैद्यास आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांना माझी एक विनंती आहे. हिरड्या वाढल्या म्हणून, किंवा मूल शाळेत हसण्यावारी नेले जाते म्हणून, काही पालक अपस्माराचे औषध परस्पर बंद करतात. हे प्राणावर बेतू शकते. अचानक औषध थांबल्यास झटके एकामागून एक येऊ शकतात. औषध बदलायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पालकांनी मुलास दंतवैद्याकडे न्यावे व दात दोन वेळा घासून घ्यावेत. कीटण साचू दिले, तर काढलेली हिरडी पुन्हा वाढते. मिश्री लावल्याने हिरड्या बळकट होतात, हा समजही दूर करावा. ती तंबाखूच आहे.

आपल्या गावातील एका जरी मुलाचे औषध आपल्या सांगण्याने चालू राहिले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.