बर्फाचा पाहुणा

बेंगळुरूतील कोरमंगला ही वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे. तेथला हिवाळा म्हणजे पहाटेची शिरशिरी आणि फार तर खांद्यावर एखादी शाल. त्या शहराच्या नोंदीत सापडणारे सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस असून, तेही १८८४ सालच्या जानेवारीतले आहे. अशा हवेत वाढणाऱ्या मुलांना आकाशातून पडणाऱ्या बर्फाचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच आहे. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी माणसे त्या शहरात नांदत आहेत. त्यांत अलीकडे नोकरी-उद्योगासाठी गेलेल्यांची मोठी भर पडली आहे. नाताळच्या सुटीत किंवा संक्रांतीच्या सुमारास यांपैकी कित्येक कुटुंबे उत्तरेची वाट धरतात. दिल्लीपर्यंत विमान, पुढे बियास नदीच्या काठाकाठाने मोटारीचा प्रवास, आणि शेवटी मनाली.

ही सहल बहुधा सहलसंस्थेच्या व्यवस्थापकाबरोबर होते. जेवण, निवास आणि वाहन यांची काळजी तो वाहतो. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस संस्कृतीचा असतो आणि एक दिवस बर्फाचा. पहिल्या दिवशी ढुंगरीच्या देवदारवनातील हिडिंबेचे मंदिर, नग्गरचा जुना वाडा आणि कुलूच्या शाली. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या दुकानातून भाड्याने घेतलेले जाड अंगरखे आणि रबरी बूट चढवून सोलंगच्या उतारावर स्की, घसरगाडी आणि बर्फाच्या गोळ्यांची लढाई. दोन्ही दिवस आनंदात जातात. परंतु ज्यांच्या अंगणात हा आनंद चालतो, त्या लोकांच्या आयुष्यात हे दोन दिवस वेगळे नसतात, ही गोष्ट कार्यक्रमपत्रिकेवरून मात्र कळत नाही.

या खोऱ्यातील जुनी घरे पाहावीत. दगडाचा एक थर आणि देवदाराच्या तुळईचा एक थर अशी त्यांची भिंत रचलेली असते. तिला काठकुणी म्हणतात. खालच्या मजल्यावर गुरे आणि वरच्या मजल्यावर माणसे राहतात, म्हणजे गुरांच्या अंगची ऊब वर चढते. शेत बर्फाखाली गेले की नांगर थांबतो आणि हातमाग चालू होतो. ज्या शालीची किंमत पाहुणे घासाघीस करून ठरवतात, ती अशा बंदिस्त महिन्यांची कमाई आहे. सफरचंदाचे झाडही हिवाळ्यात पुरेशी थंडी लाभली तरच वसंतात नीट फुलते. डोंगरावर साठलेला बर्फ सावकाश वितळून उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवतो. सह्याद्रीच्या शेतकऱ्याला मृगाचा पाऊस जसा, तसा कुलूच्या शेतकऱ्याला पौष-माघातला बर्फ. फरक इतकाच, की आपला पाऊस नैर्ऋत्येच्या समुद्रावरून येतो, तर हा बर्फ पश्चिमेकडून, थेट भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांच्या आवर्तांबरोबर येतो. तो यंदा कमी पडला तर पाहुण्याची एक हौस बुडते. यजमानाचे मात्र वर्ष बुडते.

बर्फाशी जडलेल्या या जीवनातूनच तेथील देवधर्म आकाराला आला आहे. मकरसंक्रांतीपासून बेचाळीस दिवस मनालीजवळची गोशाल, शनाग, बुरुआ, पलचान, सोलंग आदी नऊ गावे मौन पाळतात. गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि कंचन नाग ही ग्रामदैवते त्या काळात स्वर्गलोकी जातात, अशी तेथील श्रद्धा आहे. देवांच्या तपाला व्यत्यय येऊ नये म्हणून मंदिरातील घंटा वाजत नाही, शेतात कुदळ पडत नाही, घरोघरचे रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच बंद राहतात. गोशालच्या मंदिराचे दार मिटलेले असते. देव परतल्यावर ते उघडते आणि आत मिळणाऱ्या खुणांवरून पुढल्या वर्षाचे भाकीत केले जाते.

आणि त्याच दिवसांत, त्याच सोलंगच्या उतारावर, दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्यांचा हंगाम भर रंगात असतो. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन घराबाहेर पडलेल्या मराठी मंडळींना, त्याच संक्रांतीने या गावांचे मौन सुरू झाले आहे, हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पाहुण्यांनी जाऊच नये काय? तसे म्हणणे तेथील लोकांनाही मानवणार नाही. १९६१ साली मनालीला पर्वतारोहणाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली आणि तिने स्कीचे शास्त्रशुद्ध शिक्षणही देऊ केले. पूर्वी ज्या महिन्यांत हाती पैसा येत नसे, त्या महिन्यांत आज गावची तरुण मुले पाहुण्यांना बर्फावर तोल सांभाळायला शिकवून संसाराला हातभार लावतात. मौन पाळणारा वडील आणि पाहुण्यांची वाट पाहणारा मुलगा एकाच छताखाली राहतात. हा पेच त्यांचा आहे, आणि तो सोडवण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

रोहतांगच्या पलीकडच्या लाहौलात हा अधिकार लोकांनी बजावलाही आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या त्या प्रदेशात पाहुण्यांचा लोंढा येऊ लागला. तेव्हा सिस्सूच्या ग्रामस्थांनी आपल्या हालडा आणि पूना या सणांच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून सुमारे चाळीस दिवस, गावातील पर्यटनव्यवहार बंद ठेवण्याचा निर्णय अलीकडे घेतला. हंगामातील कमाई सोडून घेतलेला हा निर्णय आहे; त्याची किंमत त्यांनी स्वतःच मोजली आहे.

मराठी माणसाला ही दृष्टी परकी वाटू नये. आपले पूर्वज काशीला किंवा बदरीनारायणाला जात, तेव्हा वाटाड्या त्यांच्याही बरोबर असे. पण यात्रेकरू स्वतः काही नेम पाळूनच घराबाहेर पडे. कोठे अनवाणी चालावे, काय वर्ज्य करावे, हे तो आधी विचारून घेई. आजची सहल यात्रा नव्हे, आणि तिने तसे सोंगही आणू नये. परंतु सहलीची नावनोंदणी करताना खोलीत गरम पाणी मिळेल काय, या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारता येतील. ज्या गावात आपण जाणार, तेथे त्या दिवसांत काय पाळतात? आणि तेथे बरोबर चालणारा वाटाड्या त्याच गावचा असेल काय?

या दोन प्रश्नांना खर्च पडत नाही, आणि बर्फाचा आनंदही त्यांनी उणावत नाही. उलट, भाड्याचा अंगरखा घालून सोलंगच्या उतारावर उभ्या राहिलेल्या कोरमंगल्याच्या मुलाला, समोरचे गाव इतके शांत का आहे हे जर कळले, आणि आपला आवाज त्याने आपण होऊन थोडा खाली आणला, तर संस्कृतीचा दिवस आणि बर्फाचा दिवस त्याच्यापुरते तरी एक झाले, असे म्हणता येईल.