गोगलगायीचा वंश
(आदिलाबाद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हा दगड आधी पुढच्या रांगेत देतो. हाताळा, भिंगातून बघा आणि मागे पाठवत राहा. राखाडी गारेचा तुकडा आहे, आणि त्याच्या एका अंगाला अंगठ्याच्या पेराएवढा शंख रुतून बसला आहे. शंखाचे वेढे मोजता येतात. उन्हात तिरका धरला तर शेवटच्या वेढ्याची कडाही चमकते. निर्मलच्या घाटाकडे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये अशी गार सापडते. लाव्हा वाहिला, थंड झाला, मध्ये बराच काळ शांत गेला. त्या काळात खोलगट जागी तळी साठली आणि तळ्यांत गोगलगायी वाढल्या. मग पुढचा लाव्हा आला आणि सारे झाकले गेले. ही गोष्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची.

आजचा विषय खोल समुद्रातल्या गोगलगायींचा आहे. त्यांचा नवा वंश कसा ठरवतात, तो का ठरवायचा, हे मला सांगायचे आहे. मग सुरुवात गोड्या पाण्यातल्या गोगलगायीपासून का? कारण हेच काम या डोंगरात पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाले. जॉन ग्रँट माल्कमसन हा मद्रास सैन्यातला शल्यवैद्य निजामाच्या राज्यातून नागपूरच्या वाटेने प्रवास करत असे. निर्मलच्या उत्तरेकडील टेकड्यांना त्याने 'सिचेल हिल्स' म्हटले आहे. तिथले शंख-शिंपले त्याने गोळा केले, कुठले कुठे मिळाले ते लिहून ठेवले आणि लंडनला नेले. 1840 साली त्याचा लेख तिथल्या भूवैज्ञानिक संस्थेने छापला. त्यातल्या जीवाश्मांची वर्णने जेम्स द कार्ल सोवर्बीने केली. तुमच्या हातातल्या शंखाला त्याने नाव दिले 'फायसा प्रिन्सेपी'. चारच वर्षांनी माल्कमसन खानदेशात, धुळ्याकडे वारला.

नावात दोन शब्द आहेत. पहिला वंशाचा, म्हणजे जीनसचा, दुसरा जातीचा. जातीचा शब्द एकदा नीट दिला की सहसा टिकतो. वंशाचा शब्द मात्र अभ्यास वाढला की बदलू शकतो, कारण तो नातेसंबंधाचा दावा असतो. 'फायसा' म्हटले की उत्तरेकडच्या थंड देशांतल्या गोगलगायी याच्या भाऊबंद ठरतात. पुढे काही अभ्यासकांनी याला 'बुलिनस' वंशात नेले. बुलिनस आज मुख्यतः आफ्रिकेत राहतो, म्हणजे सोयरीक एकदम दुसऱ्या खंडाशी जुळली. आता अभ्यासक त्याला 'प्लॅटिफायसा' या वेगळ्या वंशात ठेवतात. लाव्हा वाहत होता तेव्हा आपली भूमी आशियाला जोडलेली नव्हती, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होती. तेव्हा तळ्यातल्या या जिवाचे आप्त कुठले, या प्रश्नाला भूमीच्या प्रवासाचा प्रश्न जोडलेला आहे. वंशाचे नाव बदलणे म्हणजे कागदावरची खाडाखोड आहे असे कुणी म्हटले, तर मला ते पटत नाही.

आता दगड ज्यांच्या हातात असेल त्यांनी एक करावे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरावे. तोंड डाव्या हाताला दिसेल. बहुतेक गोगलगायींचे ते उजवीकडे असते, ही डावी आहे. इथे कुणीतरी नक्की दक्षिणावर्ती शंखाचे विचारणार, म्हणून आताच सांगतो. आपल्या देवघरातला नेहमीचा शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबाने उजवा, आणि लोक ज्याच्यासाठी हवे तेवढे पैसे मोजतात तो दुर्मीळ दक्षिणावर्ती डावा! चूक कुणाचीच नाही. आपण शंख धरतो तो नळीकडची बाजू वर करून, शास्त्रज्ञ धरतो टोक वर करून. वस्तू उलटी केली की डावे-उजवे उलटते. म्हणून वर्णनाच्या आधी कसे धरायचे हे ठरावे लागते. वर्णनकारांनी एका पद्धतीने धरले, म्हणूनच लंडनचे वर्णन आपण आदिलाबादेत ताडून बघू शकतो.

दगडातल्या शंखाची अडचण एकच, आतला जीव उरलेला नाही. आणि वंश ठरतो तो बहुतांशी आतल्या जिवावरून. कवच परिस्थितीने घडते. खडकाळ जागी राहणाऱ्या, एकमेकांशी काही नाते नसलेल्या गोगलगायींची कवचे सारखी होऊ शकतात. म्हणून जिवंत नमुना मिळाला की तो मद्यार्कात ठेवतात, सूक्ष्मदर्शकाखाली उघडतात आणि जिभेवरच्या बारीक दातांच्या रांगा, हृदय, कल्ले, जननेंद्रिये बघतात. त्याला आता जनुकांची तपासणीही जोडली गेली आहे. सह्याद्रीतले ताजे उदाहरण आंबोलीचे. अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि बेन रोसन यांनी 2021 साली तिथल्या एका अर्धकवची गोगलगायीसाठी 'वरदिया' हा नवा वंश मांडला. तिचे कवच इतके लहान की तिला त्यात शिरता येत नाही. निर्णय झाला तो शरीर उघडून पाहिल्यावर. वंशाचे नाव सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून आहे.

आता समुद्रात उतरू. हिंदी महासागराच्या मध्यावर, सुमारे अडीच किलोमीटर खोल, तळ भेगाळलेला आहे. भेगांत शिरलेले पाणी खालच्या उष्णतेने तापते, खडकातली खनिजे विरघळवून घेते आणि काळ्या धुरासारखे बाहेर पडते. उजेडाचा कण नाही. तिथले जीव सूर्यावर जगत नाहीत. पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांवर जीवाणू जगतात आणि जीवाणूंवर बाकीचे.

2001 साली 'कायरेई' नावाच्या अशा झऱ्यांपाशी एक गोगलगाय सापडली. तिच्या मांसल पायावर खवले होते, आणि खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडाचा मुलामा! आपल्या शरीराच्या सांगाड्यात लोहाचे सल्फाइड वापरणारा दुसरा कुठलाही जिवंत प्राणी ठाऊक नाही. मासिकांत तिचे फोटो आले, लेख लिहिले गेले, पण रीतसर नाव नव्हते. सगळे तिला 'खवलेपायी' म्हणत. 2015 साली चेन, लिन्से, कोप्ली आणि रॉजर्स यांनी वर्णन छापले तेव्हा तिला 'क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम' हे नाव मिळाले. क्रायसोमॅलॉन म्हणजे सोनेरी लोकरीचा, स्क्वामिफेरम म्हणजे खवले धारण करणारा. तिच्या शरीराच्या आकारमानात हृदयाचा वाटा सुमारे चार टक्के आहे. अन्ननलिकेजवळची एक ग्रंथी फुगून त्यात जीवाणूंची वस्ती झालेली असते. ते अन्न तयार करतात आणि त्यांना प्राणवायू पुरवायला एवढे हृदय लागते.

गंमत पुढे आहे. 'सॉलिटेअर' नावाच्या दुसऱ्या झऱ्यांपाशी हीच गोगलगाय पांढरीफटक मिळाली, खवल्यांवर लोह नाही. डोळ्यांनी पाहणारा तिला शपथेवर वेगळी जात म्हणेल. तपासणीत दोन्ही एकाच जातीच्या निघाल्या.

आणि याच्या नेमके उलट. त्याच सुमारास त्याच गटातल्या अभ्यासकांनी 'जायगँटोपेल्टा' हा नवा वंश मांडला. त्यातली 'चेसोइया' जात अंटार्क्टिकाजवळच्या ईस्ट स्कोशिया कण्यावरची, आणि 'एजिस' जात हिंदी महासागरातल्या लाँगची झऱ्यांपाशी खवलेपायीच्या शेजारी राहणारी. खवलेपायी आणि जायगँटोपेल्टा, दोघीही आपल्या कुलात अवाढव्य, दोघींच्याही फुगलेल्या ग्रंथीत जीवाणूंची वस्ती. एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात. पण नीट उघडून, ताडून पाहिल्यावर दिसले की ही सोय दोन्ही वंशांनी स्वतंत्रपणे कमावलेली आहे. जायगँटोपेल्टाचे पिल्लू तर आधी दातेरी जिभेने खरवडून खाते आणि पाच-सात मिलिमीटरचे झाल्यावर जीवाणूंच्या भरवशावर जाते. सारखे दिसणे आणि सगोत्र असणे यांतला फरक याहून चांगला मला कुठे शिकायला मिळाला नाही.

नव्या वंशाचा कागद कसा असतो? नावाच्या बाबतीत 1758 सालच्या लिनियसच्या ग्रंथापासूनची सगळी प्राणिनामे हिशेबात धरतात, म्हणजे ते नाव कुठल्या किड्याने किंवा माशाने आधीच घेतलेले नाही ना ते बघावे लागते. वंशाला एक प्रमाण-जाती नेमावी लागते. नव्या जातीला एक प्रमाण-नमुना, जो संग्रहालयात क्रमांकासह कायम राहतो. पुढे कुणालाही शंका आली तर त्याने तो काढून बघावा. जवळच्या वंशांपेक्षा हा वेगळा कशाने, ते एकेक लक्षण लिहावे लागते. मला या कागदाबद्दल फार आदर आहे. तो लिहिणारा आपण चुकलो असू तर सापडावे, अशी सोय स्वतःच करून ठेवतो.

नाव मिळाल्यावर काय झाले ते सांगतो. 2019 साली खवलेपायीची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात आलेली जात म्हणून झाली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या भीतीमुळे अशी नोंद झालेली ती पहिली. त्या गरम झऱ्यांपाशी तांबे, जस्त, सोने असते. तेव्हा तिच्या माहीत असलेल्या तीन जागांपैकी दोन जागा खनिज शोधण्याच्या परवान्याखाली होत्या. आपल्या देशानेही 2016 साली हिंदी महासागराच्या तळावर 10,000 चौरस किलोमीटरात सल्फाइड खनिजे शोधण्याचा करार केला आहे. चौदा वर्षे जिला नाव नव्हते तिची बाजू कुठल्या यादीत मांडणार होते? नकाशावर जिचा ठिपका नाही तिच्यासाठी यंत्र कोण थांबवणार? माझे म्हणणे एवढेच, की आधी तिथे कोण राहते ते लिहून काढा, मग खणण्याचे बोला.

दगड मागच्या रांगेपर्यंत पोहोचलेला दिसतो. त्याच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी वाचली असेल: गाव, ओढ्याचे नाव, कातळाचा वरचा थर की खालचा, तारीख. महाविद्यालयात होतो तेव्हा एका सुट्टीत मी याच डोंगरांतून चौदा शंख वेचले. मोठ्या हौसेने घरी आणले, एका डब्यात एकत्र टाकले आणि चिठ्ठी लिहायची राहून गेली. ते अजून माझ्याकडे आहेत, सुरेख आहेत, पण कुठल्या ओढ्यातला कोणता ते मला सांगता येत नाही, आणि कुठल्याच अभ्यासकाला ते देता येत नाहीत. तुमच्या शेतात, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या खडीत असा शंख दिसला तर फोडून बाहेर काढू नका. आहे त्या जागेचा फोटो घ्या आणि चिठ्ठी तिथेच उभे राहून लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई पाण्याने पसरते.